भाजलेल्या माणसासाठी सरकारी उपचार आणि मदत: कोकणातल्या घरांसाठी पहिल्या तासापासून पुढच्या वर्षभरापर्यंत

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्या दापोली तालुक्यातले विजेचे खांब रांगेनं आडवे झाले. वादळात आमच्या वाडीतल्या कुणाला खरचटलंही नाही. पण आठव्या दिवशी, वीज अजून आलेली नसताना, शेजारच्या वहिनी भाजल्या. अंधारात सिलेंडर बदलला, रेग्युलेटर नीट बसला नाही, आणि कट्ट्यावर चिमणी पेटलेली होती. दोन्ही हात, गळा, हनुवटी.

पुढची दीड वर्षं त्यांच्या कागदांची पिशवी माझ्याकडे होती. त्या काळात जे शिकलो ते बहुतेक चुका करून शिकलो. त्यानंतर लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात भाजलेला मुलगा, होडीवर स्टोव्हचा भडका उडालेला खलाशी, काजूच्या बागेतल्या वणव्यात सापडलेले आजोबा, अशा बऱ्याच घरांबरोबर दवाखान्यात आणि तहसीलमध्ये जाणं झालं. जे त्या घरांना सांगतो तेच इथे लिहितोय.

सगळ्यात आधी एक सांगतो. माणूस भाजला की घरातली दोन माणसं निवडा. एक पेशंटजवळ, एक कागदांजवळ. कागदवाल्यानं पेशंटजवळ बसून रडायचं नाही आणि पेशंटजवळच्यानं झेरॉक्सला जायचं नाही. निष्ठुर वाटेल, पण जिथे सगळे वॉर्डाबाहेर बसून राहिले तिथे पैसे बुडाले, आणि जिथे सगळे धावत सुटले तिथे रात्री सलाईन संपलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिली वीस मिनिटं

भाजलेल्या जागेवर साधं, वाहतं, गोडं पाणी वीस मिनिटं सोडा, घड्याळ लावून. नळ नसेल तर कळशीनं धार धरा. भाजून तीन तासांच्या आत केव्हाही हे पाणी उपयोगी पडतं, म्हणून उशीर झाला तरी टाळू नका. होडीवर आग विझवायला समुद्राचं पाणी चालेल, पण त्यानंतर पिण्याच्या पिंपातलं गोडं पाणी ओता. बर्फ नको. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, अंड्याचा बलक, बटाट्याचा कीस, यातलं काहीही नको. हे सगळं डॉक्टरांना आधी खरवडून काढावं लागतं आणि त्यात पेशंट दुसऱ्यांदा सोलला जातो. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा खूप मोठं भाजणं असेल तर भाजलेला भागच तेवढा गार करा, बाकीचं अंग कोरड्या चादरीत गुंडाळून उबेत ठेवा.

बांगड्या, अंगठ्या, जोडवी, मंगळसूत्र, गोफ लगेच काढा. वहिनींच्या हातातल्या काचेच्या बांगड्या आम्ही शकुन-अपशकुनाच्या विचारात तशाच ठेवल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत मनगट फुगून बांगड्या मांसात रुतल्या होत्या. सिस्टरनं गॉजचा बोळा खाली सरकवून एकेक बांगडी पकडीनं फोडली, आणि प्रत्येक कटकन आवाजासरशी वहिनींनी डोळे घट्ट मिटले. भाजलेल्या हातावर ती एक यातना आम्ही वाढवली.

कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, भोवतीनं कापा. फोड फोडू नका. वर धुतलेलं सुती पातळ किंवा धोतर सैलसर पांघरा. मोठं भाजलं असेल तर तोंडाने भरभरून पाणी पाजू नका, उलटी होऊन श्वासात जाऊ शकते.

रसायनानं भाजलं असेल तर पावडर आधी झटकायची, कपडे काढायचे आणि पाणी वीस मिनिटांपेक्षा खूप जास्त वेळ सोडायचं. पिंपावरचं किंवा पिशवीवरचं रसायनाचं नाव मोबाइलमध्ये टिपून घ्या, डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो. विजेनं भाजलं असेल तर आधी मेन स्विच बंद. तुटलेल्या तारेजवळ महावितरणचा माणूस लाइन बंद झाल्याचं सांगेपर्यंत जाऊ नका. विजेची जखम वरून रुपयाएवढी दिसते आणि आत स्नायू करपलेले असतात. म्हणून अशा पेशंटला 'काही नाही, ठीक आहे' म्हणाला तरी ईसीजीसाठी न्यायचंच. लघवी चहासारखी काळपट होऊ लागली तर ते लगेच डॉक्टरांना सांगायचं.

कुठे आणि कशानं न्यायचं

१०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे, तिच्यात ऑक्सिजन आणि डॉक्टर असतात. आपत्ती मोठी असेल, म्हणजे टँकर पेटला, कारखान्यात स्फोट झाला, यात्रेत आग लागली, तर १०८ बरोबर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा. तिथे नोंद झाली की रुग्णवाहिका, अग्निशमन आणि तहसील ही तिन्ही चाकं एकदम हलतात. आणि पुढे मदतीच्या वेळी 'अमक्या वाजता घटना घडली' याला सरकारी पुरावा राहतो.

किती भाजलंय याचा अंदाज घरच्या घरी येतो. पेशंटचा स्वतःचा तळहात, बोटं जुळवलेला, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. मोठ्या माणसाचा एक पूर्ण हात नऊ टक्के, एक पाय अठरा, छाती-पोट अठरा, पाठ अठरा, डोकं नऊ. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, तिथे टक्का जास्त धरतात. मोठ्या माणसात पंधरा-वीस टक्क्यांच्या वर, मुलात दहाच्या वर, किंवा चेहरा, हाताचे-पायाचे पंजे, सांधे, गुप्तांग भाजलेलं असेल, वीज किंवा रसायन असेल, तर भाजलेल्यांसाठी वेगळा विभाग असलेलं रुग्णालयच हवं. नाकातले केस जळलेत, थुंकीत काजळी आहे, आवाज घोगरा झालाय, ही तीन लक्षणं दिसली तर श्वासनलिका सुजू लागली आहे असं समजा. हा पेशंट बोलतो-चालतो म्हणून मागे ठेवू नका, तो सगळ्यांच्या आधी हलला पाहिजे.

आपल्या किनाऱ्याची अडचण अशी की अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसची सरकारी रुग्णालयं पहिला उपचार करतात, पण मोठ्या भाजण्याला बऱ्याचदा पुढे जावं लागतं. रायगड आणि उत्तर रत्नागिरीतून मुंबई-नवी मुंबईकडे, कारण ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे आणि मुंबईत महापालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयात जळिताचा वॉर्ड. दक्षिण रत्नागिरीतून आंबा घाटानं कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात. सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोक बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात जातात. गोवा वेगळं राज्य, म्हणून तिकडे निघताना आपली महात्मा फुले आरोग्य योजना (तिच्याबद्दल पुढे येतंय) तिथे चालेल का हे तिच्या १५५३८८ या नंबरवर विचारून घ्या.

पण थेट कोल्हापूर-मुंबईचा रस्ता धरू नका. आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात थांबून शिरेतून सलाईन, धनुर्वाताचं इंजेक्शन, वेदनेचं औषध आणि गरज असेल तर श्वासाची नळी. मग पुढे. सलाईन न लावता घाट चढलेला पेशंट वरच्या रुग्णालयात पोचेपर्यंत आतून सुकलेला असतो.

कुणी डिपॉझिट मागून दारात अडवलं तर शांतपणे पण ठामपणे सांगा: तातडीचा उपचार नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलंय आणि ते खासगी डॉक्टरांनाही लागू आहे. ॲसिड हल्ल्यातल्या जखमीवर तर प्रत्येक रुग्णालयानं, सरकारी असो वा खासगी, मोफत उपचार करायचे असं कायद्याचं कलमच आहे.

पहिला केसपेपर

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

वहिनी संध्याकाळी साडेसातला भाजल्या. रस्त्यावर झाडं पडलेली, वळसा घालून आम्ही पोचलो साडेदहाला. केसपेपरवर वेळ लिहिली गेली साडेदहाची, म्हणजे पोचल्याची. भाजल्याची वेळ कुणी विचारली नाही आणि आम्हालाही ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नाही. पुढच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कागद पाहून पहिलाच प्रश्न केला, 'भाजलं कधी?'

त्याचं कारण त्यांनी नंतर समजावलं. भाजलेल्या अंगातून पाणी झिरपत राहतं. ते भरून काढायचा जुना हिशेब असा: वजन किलोत, गुणिले भाजलेले टक्के, गुणिले चार मिली. पन्नास किलोची बाई वीस टक्के भाजली तर चार लिटर. त्यातलं निम्मं, म्हणजे दोन लिटर, पहिल्या आठ तासांत. हे आठ तास मोजायचे ते भाजल्या क्षणापासून, दवाखान्यात पोचल्यापासून मोजायचे नाहीत. तीन तास रस्त्यात गेले असतील तर तेच दोन लिटर उरलेल्या पाच तासांत जायला हवेत. हल्ली काही डॉक्टर चारऐवजी दोन मिलीपासून सुरू करतात आणि लघवी किती होते ते बघून वेग कमी-जास्त करतात. तो निर्णय त्यांचा, पण भाजल्याची वेळ ही माहिती आपणच द्यायची असते.

म्हणून केसपेपरवर हे लिहून घ्याच: भाजल्याची तारीख आणि वेळ, कशानं भाजलं, कुठे भाजलं (घर, कारखाना, होडी, रस्ता), किती टक्के, वजन. दुसरीकडे पाठवताना जी चिठ्ठी मिळते तिच्यावर किती सलाईन गेलं, लघवी किती झाली, कोणती इंजेक्शनं दिली हेही हवं. चिठ्ठी हातात आली की तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो.

आणि नाव. वाडीत सगळे ज्यांना एका नावानं हाक मारतात त्यांचं आधारवर दुसरंच असतं. माहेरचं नाव आधारवर, सासरचं रेशनकार्डावर, आणि गडबडीत शेजाऱ्यानं सांगितलेलं तिसरंच केसपेपरवर. आपत्तीनंतर तहसीलदार जखमींची यादी रुग्णालयाच्या नोंदीवरून करतात. यादीतलं नाव आणि बँकेतलं नाव जुळलं नाही की रक्कम अडकते. पहिल्याच दिवशी आधार दाखवून नाव दुरुस्त करून घेतलंत तर पुढचे सहा महिने वाचतात.

भाजल्याच्या केसमध्ये रुग्णालय पोलिसांना कळवतं, त्याला एमएलसी म्हणतात. लोक याला घाबरतात. घाबरू नका, तो नंबर लिहून ठेवा, पुढे जवळपास प्रत्येक अर्जात तो लागतो. पोलीस किंवा तहसीलदार जबाब घ्यायला येतील. जे घडलं ते सांगायचं. आणि हे मी मनापासून सांगतो: एखादी बाई भाजून आली असेल आणि तिला काही वेगळं सांगायचं असेल, तर सासर-माहेरच्या कुणालाही तिथे थांबू देऊ नका. १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे, १५१०० वर मोफत कायदेशीर मदत मिळते. ॲसिड हल्ला असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मनोधैर्य या राज्य सरकारच्या अर्थसाहाय्याच्या योजनेचा अर्ज करायचा.

उपचाराचा खर्च

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, दाखल होणं, सगळं मोफत आहे. पुढच्या रुग्णालयासाठी मुख्य आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. ती आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड चालतं. पांढऱ्या कार्डवाल्यांना हे अजून पुष्कळांना माहीत नाही.

प्रत्येक योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, दाराजवळच त्याचं टेबल असतं. कागदवाल्या माणसानं थेट त्याच्याकडे जायचं आणि हा प्रश्न विचारायचा: 'हे रुग्णालय योजनेत भाजलेल्यांच्या उपचारासाठी आहे का?' नुसतं 'योजनेत आहे का' विचारू नका. एखादं रुग्णालय हाडांसाठी किंवा डायलिसिससाठी योजनेत असतं, जळितासाठी नसतं, आणि हे आपल्याला तिसऱ्या दिवशी बिल हातात आल्यावर कळतं. जळिताची पॅकेजं किती टक्के भाजलंय त्यावर ठरतात, म्हणून केसपेपरवरचा टक्का इथेही लागतो. रेशनकार्ड गावी राहिलं असेल तर तातडीच्या पेशंटची नोंद फोनवरून करता येते, कागद नंतर द्यायचे. हे आरोग्यमित्राला आठवण करून द्या. काही अडलं तर १५५३८८.

गणपतीला किंवा शिमग्याला गावी आलेला चाकरमानी इथे भाजला तर त्याचं मुंबईचं रेशनकार्डही चालतं, योजना राज्यभर एकच आहे. होडीवरचे परप्रांतीय खलाशी, बागेतले मजूर यांच्याकडे स्वतःच्या राज्याचं आयुष्मान कार्ड असेल तर तेही दुसऱ्या राज्यात चालतं. मालकांनी हंगाम सुरू होतानाच प्रत्येकाच्या कार्डाचा फोटो काढून ठेवला तर किती बरं होईल.

योजनेत न बसणारा खर्च उरला तर दोन वाटा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मोफत, आणि आणखी दहा टक्के ३ लाख ६० हजारांपर्यंतच्यांना निम्म्या दरात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं. दुसरी वाट मुख्यमंत्री सहाय्यता निधी. भाजलेले आणि विजेच्या अपघातातले पेशंट त्यात येतात. दोन्हींना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो त्याच आठवड्यात काढायला टाका, लागो न लागो.

पंचनामा आणि मदतीची रक्कम

इथे लोक म्हणतात, 'आग घरात लागली, मग ती आपत्ती कशी?' आग ही केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहे, चक्रीवादळ, पूर, दरड यांच्याच रांगेत. महाराष्ट्रानं त्यात आकस्मिक आग, वीज कोसळणं, अवेळी पाऊस, अतिवृष्टी आणि समुद्राचं उधाण यांचीही भर घातली आहे. म्हणून तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) पहिल्या चोवीस तासांत कळवा आणि पंचनामा करून घ्या. जळलेल्या वस्तू त्याआधी आवरू नका. घर आवरायची आपली सवय जात नाही, बाया रडत रडत झाडू मारतात. त्यांना थांबवा, फोटो काढा, मग आवरा. पंचनाम्यात जखमींची नावं आहेत ना ते वाचून बघा, सही त्यानंतर करा, आणि प्रत मागून घ्या.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेले दर असे: मृत्यू झाल्यास वारसाला ४ लाख. चाळीस ते साठ टक्के अपंगत्व आलं तर ७४ हजार, साठच्या वर २ लाख ५० हजार. गंभीर जखमी होऊन आठवड्यापेक्षा जास्त दाखल राहावं लागलं तर १६ हजार, आठवड्याच्या आत ५ हजार ४००. घर पूर्ण गेलं असेल तर कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी कुटुंबाला प्रत्येकी २ हजार ५००, घराची रक्कम वेगळी. नवे दर लागू झाले असतील तर तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत तक्ता मिळतो.

त्या तक्त्यात एक अट आहे: आयुष्मानखाली उपचार घेतलेल्या जखमीला १६ हजारांची किंवा ५ हजार ४०० ची रक्कम मिळत नाही. हे ऐकून काहीजण योजना नाकारायला निघतात. तसं करू नका. मोठ्या भाजण्यात योजनेचा आधार लाखांत असतो. मृत्यू आणि अपंगत्वाची रक्कम या अटीत येत नाही.

वहिनींच्या पैशांना अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. बँकेत अंगठा मागितला. दोन्ही हातांच्या बोटांची कातडी गेलेली, नवी आलेली गुलाबी आणि गुळगुळीत. मशीनवर एकेक बोट ठेवून झालं, दरवेळी लाल दिवा. समोरचा मुलगा पुन्हा पुन्हा 'जरा दाबून ठेवा' म्हणत होता, आणि त्या दुखत असूनही दाबत होत्या. ठसा येत नसेल तर डोळ्याच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून किंवा आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून ओळख पटवता येते. म्हणून पेशंट वॉर्डात असतानाच आधारला मोबाइल नंबर जोडलेला आहे का बघा, आणि हात बरे झाल्यावर आधार केंद्रात ठसे नव्यानं द्या. रेशन दुकानातही हाच त्रास होतो, तोवर घरातल्या दुसऱ्या सभासदाच्या अंगठ्यावर धान्य घ्या.

आग कशाची, त्यावर इतर अर्ज

तहसीलची मदत आणि हे अर्ज एकमेकांच्या आड येत नाहीत. प्रत्येकाचं ऑफिस वेगळं आणि मुदत वेगळी.

घरगुती गॅस असेल तर तेल कंपन्यांचा विमा प्रत्येक ग्राहकाला असतो, हप्ता वेगळा भरावा लागत नाही. मृत्यूला ६ लाख, उपचाराला माणशी २ लाखांपर्यंत, त्यात तातडीचे २५ हजार. एजन्सीला लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची, तोंडी सांगून भागत नाही. पासबुक, सिलेंडर, रेग्युलेटर, नळी, काहीही फेकू नका. गळती असेल तर १९०६. वहिनींच्या वेळी आम्हाला या विम्याचा पत्ताच नव्हता, आणि जळका रेग्युलेटर आम्ही भंगारवाल्याला देऊन बसलो होतो.

लोटे-परशुराम, महाड, रोहा, रसायनी या पट्ट्यात कारखान्यात भाजलं तर ठेकेदाराचा कामगार असलात तरी भरपाईचा हक्क आहे. पहिल्या दिवशी कंपनीचा माणूस गोड बोलून कोऱ्या कागदावर सही मागतो. ती करू नका. हजेरीचा पुरावा, गेटपास, पगाराची पावती, ईएसआय (कामगार विमा) नंबर पिशवीत टाका आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. स्फोटात कारखान्याबाहेरचे गावकरी भाजले असतील तर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, पाच वर्षांच्या आत, आणि चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही.

मुंबई-गोवा महामार्गावर टँकर किंवा बस पेटली तर तो रस्ते अपघात. केंद्राच्या २०२५ च्या योजनेत अपघातापासून सात दिवस दीड लाखांपर्यंत रोकडविरहित उपचार मिळतात. अंजणारीच्या पुलावरून २०२२ मध्ये गॅसचा टँकर नदीत कोसळला, तेव्हापासून आमच्याकडे टँकर दिसला की लोक अंतर ठेवतात. तसंच करा, व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका.

मच्छीमारांसाठी मत्स्यसंपदा योजनेतला अपघात विमा आहे: मृत्यूला ५ लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, दाखल झाल्यास २५ हजार. मत्स्य विभागाच्या स्थानिक कार्यालयात किंवा सोसायटीत नोंद आहे का ते आधीच बघून ठेवा. शेतकऱ्यावर वीज पडली किंवा विजेचा धक्का बसून मृत्यू वा अपंगत्व आलं, तर शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात मदत योजनेत तालुका कृषी कार्यालयात तीस दिवसांत अर्ज. महावितरणच्या तारेनं भाजलं असेल तर महावितरणला आणि विद्युत निरीक्षकांना, दोघांनाही लेखी कळवा, कारण निरीक्षकांच्या अहवालाशिवाय फाइल हलत नाही. बँकेच्या पासबुकात दरवर्षी २० रुपये कापलेले दिसतात का? तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. कित्येक घरांना तो कापला जातो हेच ठाऊक नसतं.

घरी आल्यावर

डिस्चार्ज म्हणजे सुटका झाली असं वाटतं. भाजलेल्या माणसाचं खरं दुखणं इथून सुरू होतं. जखम भरते तशी कातडी आखडते. कोपर, मान, बोटं ज्या बाजूला वळवली की बरं वाटतं त्याच बाजूला ती कायमची वळतात. म्हणून मान भाजली असेल तर उशी काढा. हात असेल तर रात्री पट्टी बांधून सरळ ठेवा. दुखतंय म्हणून व्यायाम थांबवू नका, वेदनेची गोळी घ्या आणि अर्ध्या तासानं करा. घट्ट बसणारे दाबाचे कपडे मिळतात, ते अंघोळीचा वेळ सोडून दिवसरात्र, बहुधा वर्षभर किंवा जास्त घालावे लागतात. आपल्या मे महिन्यात ते घालणं म्हणजे शिक्षा आहे. दोन जोड घ्या, एक धुवायला एक अंगावर. त्वचारोपण झालेल्या जागेला घाम येत नाही, अंग तापतं. भर दुपारी उन्हात पाठवू नका, समुद्राच्या वाळूत तर नाहीच.

ड्रेसिंगसाठी दर दोन दिवसांनी मुंबईला जाण्याची गरज नसते. डॉक्टरांकडून कशी ड्रेसिंग करायची ते लिहून घ्या आणि जवळच्या आरोग्य केंद्रात करा, आशाताईंना आधी सांगून ठेवा. खाण्यात अंडी, मासे, दूध, डाळ भरपूर. 'मासळीनं जखम चिघळते' हे ऐकून पथ्य पाळू नका, नवं मांस भरायला हेच लागतं.

वहिनींच्या हाताला फिजिओथेरपिस्टनं रबरी चेंडू दिला होता, त्याला त्यांनी हातही लावला नाही. मग सासूनं एके दिवशी तांदळाच्या पिठाची कोमट उकड परातीत समोर सरकवली. तासभर त्या नुसत्या बोटं रुतवत बसल्या. तिसऱ्या आठवड्यात वेडीवाकडी का होईना, एक भाकरी थापली.

मन खचतं, आरसा नकोसा होतो, घरात स्टोव्ह पेटला तरी अंग थरथरतं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही बोलायला हरकत नाही, रात्र-रात्र जागलेले तेच असतात.

दाखला, पेन्शन आणि पुढची शस्त्रक्रिया

व्रण आखडून हालचाल कमी झाली असेल तर ते अपंगत्वात मोजलं जातं. २०१६ च्या कायद्यात ॲसिड हल्ल्यातले जखमी स्वतंत्र प्रकारात आहेत. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं, दिवस आधी विचारून घ्या. घाई करू नका: जखमा भरून, व्यायाम होऊन हालचाल स्थिरावल्यावर गेलं की टक्का खरा निघतो. आपत्तीच्या मदतीसाठी मात्र कागद लवकर हवा असतो, तेव्हा तात्पुरता दाखला मिळतो का ते तिथेच विचारा.

चाळीस टक्क्यांवर एसटीत पंच्याहत्तर टक्के सवलत. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला २ हजार ५०० रुपये, वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असेल तर, अर्ज तहसीलमध्ये. कमावता माणूस गेला आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर कुटुंब लाभ योजनेचे एकदाच २० हजार.

आखडलेला भाग मोकळा करायची शस्त्रक्रिया वर्षा-दीड वर्षानं करतात. आरोग्य योजनेचे पाच लाख दरवर्षी नव्यानं सुरू होतात, म्हणून पहिल्या वर्षी रक्कम संपली तरी ही शस्त्रक्रिया योजनेत होते का ते आरोग्यमित्राला विचारा. वहिनींची २०२१ च्या डिसेंबरात झाली. लहान मुलांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. मूल वाढतं पण व्रणाची कातडी त्याच्याबरोबर वाढत नाही, म्हणून तीच शस्त्रक्रिया वयात येईपर्यंत दोनदा-तीनदा लागू शकते. त्याची पहिल्या दिवसाच्या केसपेपरपासूनची पिशवी अठरा वर्षांचा होईपर्यंत कपाटात ठेवा, पावसाळ्यात कागदांना बुरशी धरते म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात.